पाण्याखालच्या गेम-जगासाठी मॉड्युलर असेट्स: पहिला संच कसा बांधायचा

मॉड्युलर असेट्स, म्हणजे पुन्हा पुन्हा जोडून वापरता येणारे थ्रीडी तुकडे, शिकताना बहुतेकांची सुरुवात भिंती, कोपरे, दारं, जिने यांच्यापासून होते. चार मीटरचा ग्रिड मांडायचा, त्यावर बिनचूक बसणारे तुकडे करायचे आणि वीस-पंचवीस तुकड्यांत अख्खी इमारत उभी करायची. घर, किल्ला, कारखाना अशा जागांना ही पद्धत चपखल बसते. समुद्राच्या तळाशी मात्र काटकोन सापडत नाही आणि खेळाडू जमिनीवरून चालतही नाही. तो खडकाच्या वरून येतो, खालून निघतो, कपारीत उलटा शिरतो. जमिनीवरच्या गेममध्ये वस्तूची एखादी बाजू कायम झाकलेली राहते. पोहणाऱ्या खेळाडूपासून कुठलीच बाजू लपत नाही.

दुसरा फरक पाण्याचा. पाणी रंग खातं, लांबचं पुसून टाकतं आणि मऊ असेल ते सगळं हलवत ठेवतं. ब्लेंडरच्या पांढऱ्या उजेडात देखणा दिसलेला प्रवाळ पाण्यात टाकला की करडा गोळा होऊन बसतो. म्हणून पाण्याखालच्या संचातला पहिला तुकडा म्हणजे पाणीच, असं माझं ठाम मत आहे. खडक, प्रवाळ, वनस्पती त्यानंतर. खालचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे. ब्लेंडरसारखं एखादं थ्रीडी सॉफ्टवेअर आणि अनरिअल, युनिटी, गोडो यांपैकी एक इंजिन थोडंफार हाताळलेलं असेल तर हा लेख समजायला अडचण येऊ नये.

१. खोली आणि जागा ठरवा

'समुद्र' एवढंच ठरवून काम सुरू केलं की संच भरकटतो. आधी एक जागा निवडा: उथळ प्रवाळ खडक, केल्पचं (उंच वाढणाऱ्या समुद्री शैवालाचं) जंगल, बुडालेलं जहाज, की खोल अंधारातला तळ. प्रत्येकाचं विज्ञान वेगळं आहे आणि त्यावरूनच तुकड्यांची यादी ठरते.

खडक बांधणाऱ्या प्रवाळांना सूर्यप्रकाश लागतो, कारण त्यांच्या शरीरात राहणारी सूक्ष्म शैवालं त्यांना अन्न पुरवतात. त्यामुळे असे प्रवाळ बहुतेक करून ५० मीटरच्या आत, उबदार पाण्यात वाढतात. केल्प थंड पाण्यातला. तो खडकाळ तळाला घट्ट धरून उभा राहतो आणि त्याची सगळ्यांत मोठी जात ३० मीटरहूनही उंच होते. नवखे कलाकार हे दोन्ही एकाच दृश्यात सर्रास टाकतात. खेळाडूला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण जागा खरी वाटत नाही. साधारण २०० मीटरनंतर वनस्पतींना पुरेल इतका उजेड उरत नाही आणि १००० मीटरखाली सूर्याचा उजेड पोचतच नाही. तिथे ज्वालामुखीय खडक, गाळ आणि उष्ण पाण्याचे झरे असतात. असे झरे १९७७ मध्ये गालापागोसजवळ पहिल्यांदा पाहण्यात आले. त्यांच्या काळा धूर ओकणाऱ्या चिमण्या मॉड्युलर कामाला फार सोयीच्या, कारण तीन-चार नळकांडी एकमेकांवर रचली की प्रत्येक वेळी नवी चिमणी उभी राहते.

पहिल्या संचासाठी मी १० ते १५ मीटर खोलीचा प्रवाळ खडक सुचवेन. उजेड आहे, रंग आहेत, हालचाल आहे. पुढची उदाहरणंही तिथलीच आहेत.

२. रिकाम्या दृश्यात पाणी उभं करा

एकही मेश (तुकड्याचा थ्रीडी आकार) बनवण्याआधी इंजिनमध्ये एक रिकामा लेव्हल उघडा. तळाला साधा सपाट पृष्ठभाग ठेवा. त्यावर २, ५, १०, २० मीटरवर लाल, पिवळे, हिरवे आणि पांढरे गोळे मांडा. हा तुमचा कायमचा चाचणी-लेव्हल.

आता रंगांचं गणित. शुद्ध पाणी लाल प्रकाश सर्वांत आधी शोषतं. शोषण दर मीटरला ठरावीक प्रमाणात होतं, म्हणजे घट घातांकी असते. ढोबळ गुणांक लाल रंगासाठी ०.३४, हिरव्यासाठी ०.०५७ आणि निळ्यासाठी ०.००९ असे धरता येतात. यावरून ५ मीटर पाणी ओलांडल्यावर लाल सुमारे १८ टक्के उरतो आणि १० मीटरनंतर जेमतेम ३ टक्के. त्याच १० मीटरवर हिरवा ५७ टक्के आणि निळा ९१ टक्के शिल्लक असतो. किनाऱ्याजवळच्या पाण्यात गाळ आणि सूक्ष्म जीव असल्याने निळाही लवकर जातो आणि पाणी हिरवट दिसतं. तिथे निळ्याचा गुणांक वाढवा.

हे अंतर मोजताना एक गोष्ट सहज निसटते. प्रकाश पृष्ठभागापासून वस्तूपर्यंत येतो आणि मग वस्तूपासून डोळ्यापर्यंत. १२ मीटर खोलीवरचा प्रवाळ ४ मीटर लांबून पाहिला तर प्रकाशाने एकूण १६ मीटर पाणी ओलांडलेलं असतं. गेममध्ये हे दोन भाग वेगळे हाताळणं सोपं जातं. खोलीचा परिणाम सूर्याच्या दिव्याला द्या: खोली वाढेल तसा त्याचा रंग निळसर आणि मंद करा. डोळ्यापर्यंतच्या अंतराचा परिणाम धुक्याला आणि अंतरावर चालणाऱ्या पोस्ट-प्रोसेस शेडरला द्या.

असं केलं की एक सुंदर गोष्ट फुकट मिळते. खेळाडूच्या हातातल्या टॉर्चचा पांढरा उजेड २ मीटरवरच्या प्रवाळावर पडून परत येतो, म्हणजे फक्त ४ मीटरचा प्रवास. तेवढ्या वर्तुळात लाल, नारिंगी, जांभळे रंग एकदम जिवंत होतात. इंजिन टॉर्चच्या जाण्याचं अंतर आपणहून धरत नाही, पण परतीचं अंतर शेडर धरतो आणि परिणामासाठी तेवढं पुरतं. मात्र हे सगळं घडायला टेक्श्चरमध्ये खरा रंग असायला हवा. टेक्श्चर कधीही निळसर रंगवू नका. प्रवाळ उजेडात जसा दिसेल तसाच रंगवा, निळं करायचं काम पाण्याचं.

धुक्याची घनता ठरवायला सोपं सूत्र आहे: ४ ला दृश्यतेने भागा. २५ मीटरपर्यंत दिसावं असं वाटत असेल तर ०.१६. युनिटीच्या साध्या घातांकी धुक्यात हा आकडा तसाच चालतो. अनरिअलमध्ये धुक्याचं माप वेगळं असल्याने चाचणी-लेव्हलमधले गोळे बघत जुळवा. २० मीटरवरचा गोळा अंधुक आकारापुरताच दिसला की थांबा.

३. माप, ग्रिड आणि दोन कुटुंबं

एका मानवी आकाराच्या पाणबुड्याचं साधं मॉडेल करून दृश्यात ठेवा. फिन्ससकट आडवा पोहताना तो साधारण सव्वादोन मीटर लांब होतो. वळायला, मागे फिरायला आणि कॅमेरा भिंतीत न घुसायला त्याला किमान ३ मीटर रुंद वाट लागते. गुहा आणि कमानी याच मापाने करा.

मग तुकड्यांची दोन कुटुंबं करा. पहिलं जोडणाऱ्या तुकड्यांचं: जहाजाचं कवच, पाइप, पडक्या इमारतीचे खांब, संशोधन केंद्राचे कॉरिडॉर. हे ४, २, १ मीटरच्या ग्रिडवर काटेकोर बसतात आणि कडा कडेला लागते. दुसरं घुसणाऱ्या तुकड्यांचं: खडक, प्रवाळ, वाळूचे उंचवटे. हे ग्रिडवर बसवायचे नाहीत. ते एकमेकांत खुपसायचे, फिरवायचे, तिरके करायचे. निसर्गातले तुकडे कडेला कडा लावून जोडायचा प्रयत्न केला की प्रत्येक सांधा दिसतो. एक खडक दुसऱ्यात तीस-चाळीस टक्के घुसवला की सांध्याचा प्रश्नच उरत नाही.

पिव्हटची, म्हणजे तुकडा ज्या बिंदूभोवती फिरतो त्याची, जागा कुटुंबाप्रमाणे बदलते. जोडणाऱ्या तुकड्याला तो खालच्या कोपऱ्यात, ग्रिडच्या रेषेवर. खडकाला मध्याच्या जरा खाली, म्हणजे कसाही फिरवला तरी तो जागेवर राहतो. प्रवाळाला आणि वनस्पतीला बुडाशी, पण बूड पिव्हटच्याही १०-१५ सेंटिमीटर खाली उतरलेलं असावं, म्हणजे उतारावर लावल्यावर तळाशी फट पडत नाही. छतावरून लोंबणाऱ्या गोष्टींना वरच्या टोकाशी.

एककांचं आधीच जुळवून घ्या. अनरिअलमध्ये एक एकक म्हणजे एक सेंटिमीटर, युनिटी, गोडो आणि ब्लेंडरमध्ये एक मीटर. ब्लेंडर आणि अनरिअलमध्ये झेड अक्ष वर, युनिटी आणि गोडोमध्ये वाय. निर्यातीपूर्वी ब्लेंडरमध्ये स्केल आणि रोटेशन अप्लाय करायला विसरलात तर पुढचा प्रत्येक तुकडा वेगळ्याच मापाने येईल.

४. प्रवाहाची दिशा ठरवा

छोटी पायरी, पण हिच्यावर बरंच काही उभं आहे. चाचणी-लेव्हलमध्ये एक मोठा बाण ठेवा: पाणी या दिशेने वाहतं. वाळूवरच्या लाटांच्या कडा या बाणाला आडव्या असतील. समुद्रपंखा, म्हणजे पंख्यासारखा पसरणारा प्रवाळ, आपली रुंद बाजू प्रवाहासमोर धरेल, कारण वाहत येणारं अन्न त्याला गाळून घ्यायचं असतं. मोठ्या खडकाच्या किंवा जहाजाच्या बुडाशी पाण्याने वाळू कोरून खळगा पाडलेला असेल, आणि आडोशाच्या बाजूला वाळू साठलेली असेल. गवत एकाच दिशेला झुकलेलं असेल. वेगवेगळे सुटे तुकडे एका जागेचे वाटू लागतात ते या एका बाणामुळे.

५. एक खडक, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

संचातला सर्वांत जास्त वापरला जाणारा तुकडा खडक. तो नीट जमला तर निम्मं काम झालं, म्हणून इथे घाई नको.

साधारण ४ मीटरचा एक ठोकळा घ्या आणि त्याच्या सहा बाजूंना सहा स्वभाव द्या. एक बाजू जवळजवळ सपाट, जिच्यावर प्रवाळ लावता येतील. एक फुगीर. एक पुढे झुकलेली, जिच्याखाली सावली पडेल. एकीवर पायरीसारखा कट्टा. एकीवर उभी, रुंद भेग. सहावी थोडी झिजलेली, शांत. आता हाच खडक कुठल्याही अक्षावर ९० अंशांत फिरवला की समोर नवा खडक येतो. जमिनीवरच्या गेमसाठी सहा खडक लागले असते, तिथे इथे दोन-तीन पुरतात.

या टप्प्यावर बारीक तपशील कोरू नका. खडकाला सपाट काळा रंग द्या आणि धुक्यात १५ मीटरवर ठेवून पाहा. फक्त बाह्यरेषा दिसेल. ती बटाट्यासारखी गोल दिसत असेल तर परत ठोकळ्यावर जा, कडा तोडा, कट्टा आणखी बाहेर काढा. पाण्यात लांबून रंगही जातो आणि पोतही जातो, हातात उरतो तो आकार.

आकार जमला की स्कल्प्ट करा, पण मोठ्या आणि मध्यम तपशिलावरच. बारीक खरखरीतपणा मटेरियलमधून येईल. मग लो-पॉली आवृत्ती करा. २ ते ५ हजार त्रिकोणांत असा खडक बसतो. हाय-पॉलीवरून, म्हणजे मूळ स्कल्प्टवरून, नॉर्मल मॅप (उंचसखलपणाचा भास) आणि अँबियंट ऑक्लूजन (खाचांमधली सावली) बेक करा, म्हणजे टेक्श्चरमध्ये उतरवा. अनरिअलमध्ये नॅनाइट (खूप त्रिकोणांचे मेश थेट चालवणारी सोय) वापरत असाल तर घन खडकासाठी ही कसरत बऱ्याच अंशी टळते.

मटेरियलमध्ये खरी गंमत आहे. खडक फिरणार आहे, त्यामुळे 'वरची बाजू' कोणती हे मेशला माहीत नसतं. वाळूचा थर टेक्श्चरमध्येच रंगवला तर खडक उलटा केल्यावर वाळू छताला चिकटलेली दिसेल. म्हणून मटेरियलमध्ये जगाच्या दिशेने नॉर्मल, म्हणजे पृष्ठभागाचं तोंड कुठे आहे ते, तपासा. नॉर्मल जिथे वर पाहतो तिथे वाळू आणि बारीक शैवाल, जिथे बाजूला पाहतो तिथे उघडा खडक आणि गुलाबीसर कवचासारखं शैवाल, आणि जिथे खाली पाहतो तिथे स्पंजांचे पिवळे-नारिंगी डाग. हा मनाचा खेळ नाही. कपारीच्या खालच्या बाजूला उजेड कमी पडतो, शैवालाला तिथे जमत नाही आणि ती जागा स्पंज बळकावतात. खेळाडू कपारीखाली शिरून टॉर्च लावेल तेव्हा त्याला हे रंग दिसले पाहिजेत.

मूळ पोतासाठी ट्रायप्लॅनर प्रोजेक्शन वापरा, म्हणजे पोत जगाच्या मापाने तिन्ही दिशांनी पडतो. दोन खडक एकमेकांत घुसवले की पोत त्यांच्यावरून सलग वाहतो. शिवाय खडक मोठा-छोटा केला तरी पोत ताणला जात नाही. बेक केलेल्या नॉर्मल मॅपला मात्र ताण बसतोच, म्हणून स्केल ०.७ ते १.५ च्या दरम्यान ठेवा. खडक आरशासारखा उलटवण्याऐवजी फिरवून वापरा. ऋण स्केलमुळे प्रकाश आणि कोलिजन दोन्हीकडे त्रास होऊ शकतो.

कोलिजनसाठी, म्हणजे खेळाडूला अडवणाऱ्या अदृश्य आकारासाठी, दोन-तीन बहिर्वक्र आकार पुरेत. झुकलेल्या बाजूखालची जागा मात्र कोलिजनने भरून टाकू नका. खेळाडूला तिथे पोहायचंय, आणि हवेत आपटल्यासारखं थांबणं त्याला लगेच खटकेल.

शेवटची परीक्षा: हा एकच खडक बारा वेळा, वेगवेगळ्या कोनांत आणि मापांत, एका ढिगात ठेवा. डोळे किलकिले करून पाहा. तीच भेग दोनदा ओळखू येत असेल तर ती भेग जास्त बोलकी आहे, तिला सौम्य करा. लक्षात राहणारी खूण सतत वापरल्या जाणाऱ्या तुकड्यावर नको. ती एकदाच येणाऱ्या कमानीसाठी राखून ठेवा.

६. हलणाऱ्या गोष्टी

गवत, शैवाल, केल्प, मऊ प्रवाळ हे हलतात. कठीण प्रवाळ हलत नाहीत, त्यांचा सांगाडा चुनखडीचा असतो. सगळ्याच गोष्टींना डोलायला लावलं की दगडाचं वजन जातं आणि दृश्य रबरी वाटतं. हलणारं आणि स्थिर शेजारी ठेवा, दोघांनाही अर्थ येतो.

हालचाल हाडांच्या अॅनिमेशनने करू नका, व्हर्टेक्स शेडरने, म्हणजे मेशचे बिंदू सरकवणाऱ्या छोट्या प्रोग्रामने, करा. व्हर्टेक्स कलरच्या तीन वाहिन्या वाटून घ्या. लाल वाहिनीत किती हलायचं: बुडाशी शून्य, टोकाला एक, आणि मधली वाढ सरळ रेषेत न ठेवता वर्गाने, म्हणजे वाक नैसर्गिक येतो. हिरव्या वाहिनीत प्रत्येक पात्याला वेगळा आकडा, म्हणजे सगळी पाती एका सुरात हलणार नाहीत. निळ्या वाहिनीत पात्याच्या कडेची बारीक थरथर. शेडरमध्ये वेळ आणि जगातली जागा मिळवून त्याची साइन काढा, तिला लाल वाहिनीने गुणा आणि प्रवाहाच्या दिशेने सरकवा. 'जगातली जागा' हा शब्द महत्त्वाचा. त्यामुळे लाट एका रोपाकडून शेजारच्याकडे जाताना दिसते आणि अख्खं गवताचं रान एकत्र श्वास घेतं. ती जागा घेतली नाही तर प्रत्येक रोप एकाच क्षणी एकाच बाजूला झुकतं.

वेगाकडे लक्ष द्या. वाऱ्यात हलणाऱ्या झाडाचे आकडे इथे चालत नाहीत. उथळ पाण्यात वरून लाटा जातात तेव्हा तळाचं पाणी पुढे-मागे सरकतं, आणि एका फेरीला बरेच सेकंद लागतात. ६ ते ८ सेकंदांपासून सुरुवात करा. लाटेचा हा परिणाम तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीपर्यंतच पोचतो. ६० मीटर लांबीची लाट ३० मीटरखाली जवळजवळ जाणवत नाही. म्हणून उथळात झोके, आणि खोलात प्रवाहाच्या दिशेला एक स्थिर झुकाव अधिक किंचित थरथर.

केल्पसारखं उंच शैवाल बूड, मधला भाग आणि शेंडा अशा तुकड्यांत केलं तर कुठल्याही उंचीचा केल्प रचता येतो. इथे वरची लाल-वाहिनीची युक्ती फसते. प्रत्येक तुकड्यात शून्य ते एक असा उतार असेल तर मधल्या तुकड्याचं बूड स्थिर राहील, खालच्याचं टोक हलेल आणि केल्प सांध्यात तुटेल. स्टॅक होणाऱ्या तुकड्यांसाठी हालचाल तळापासूनच्या उंचीवर मोजा. प्रत्येक इन्स्टन्सला (मेशच्या प्रत्येक प्रतीला) अख्ख्या केल्पच्या बुडाची उंची द्या आणि शेडरमध्ये बिंदूच्या जगातल्या उंचीतून ती वजा करा. पानांच्या बुडाशी असलेले हवेचे फुगे मेशमध्ये नक्की करा. तेच केल्पला उभं धरतात आणि बाह्यरेषेत तेच ओळख देतात.

आणखी एक हमखास अडचण: शेडरने मेश हलवला तरी इंजिनला त्याची चौकट जुन्याच जागी वाटते. त्यामुळे रोप पडद्याच्या कडेला असताना एकदम गायब होतं. मेशच्या बाउंड्स हालचालीइतक्या वाढवा.

७. वाळू आणि खडकाची भेट

दृश्य नकली वाटतं तेव्हा दहात नऊ वेळा दोष या रेषेत असतो. खडक जिथे वाळूत शिरतो तिथे सुरीने कापल्यासारखी कडक रेघ दिसते. ती तीन थरांनी मोडा. पहिला थर मटेरियलचा: वाळूच्या उंचीच्या जवळ येताच खडकाच्या मटेरियलमध्ये वाळूचा रंग मिसळा. अनरिअलमध्ये रनटाइम व्हर्च्युअल टेक्श्चरने (जमिनीचा रंग साठवून इतर मटेरियलना देणारी सोय) हे छान होतं, इतरत्र साधं उंचीवरचं मिश्रणही चालतं. दुसरा थर मेशचा: वाळूचा एक पातळ, उतरता कठडा, जो कुठल्याही खडकाच्या बुडाशी टेकवता येतो. तिसरा थर भंगाराचा: तुटलेल्या प्रवाळाच्या काड्या, शिंपले, गोटे यांचे दोन-तीन पुंजके. हे पुंजके दिसायला किरकोळ, पण संचातल्या कुठल्याही तुकड्यापेक्षा जास्त वेळा वापरले जातील, म्हणून त्यांचे त्रिकोण कमीत कमी ठेवा.

८. प्रवाळ

पाच आकार पुरेत: शिंगांसारखा फांद्यांचा, मेंदूसारखा घुमट, टेबलासारखा पसरट, समुद्रपंखा, आणि नळ्यांचा झुबका. प्रत्येकाचं लहान, मध्यम आणि तुटलेलं रूप करा. तुटलेलं रूप विसरू नका, सगळं अखंड असलेला प्रवाळ खडक नर्सरीसारखा दिसतो. रंग टेक्श्चरमध्ये पक्का न करता मटेरियलच्या पॅरामीटरमध्ये ठेवा आणि प्रत्येक इन्स्टन्सला थोडा वेगळा द्या. उष्णतेच्या ताणाने शैवालं निघून गेली की प्रवाळ पांढरे पडतात. तोच पॅरामीटर पांढऱ्यावर नेला की मरू लागलेल्या खडकाचं संपूर्ण दृश्य त्याच मेशवर तयार होतं.

९. जोडणारे तुकडे: बुडालेलं जहाज

इथे जमिनीवरचे नियम परत लागू होतात: ग्रिड, स्नॅप, ट्रिम शीट (अनेक तुकड्यांना पुरणारं पट्ट्यांचं एकच टेक्श्चर). फरक दोनच. भिंतींना जाडी द्या, कारण खेळाडू आत-बाहेर दोन्हीकडून बघणार. एका पातळीचा पत्रा चालणार नाही. आणि सरळ कवच, वळणाचं कवच, उघडी बरगडी या प्रत्येकाला एक फाटलेलं टोक असलेलं रूप करा, म्हणजे जहाज कुठेही तुटू शकेल. सगळं जोडून झालं की पूर्ण गट एकत्र १० ते २० अंश कलंडवा. ग्रिडची जाणीव तिथेच संपते. सांध्यांवर शैवाल आणि शिंपल्यांचे घुसणारे पुंजके लावा.

लाकडी जहाज करणार असाल तर समुद्र आधी ठरवा. बहुतेक समुद्रांत लाकूड पोखरणारे शिंपलावर्गीय प्राणी उघडं लाकूड खाऊन टाकतात. बाल्टिकचं पाणी कमी खारं असल्याने ते तिथे टिकत नाहीत, म्हणूनच १६२८ मध्ये बुडालेलं वासा हे जहाज १९६१ मध्ये वर काढलं तेव्हा ते बव्हंशी शाबूत होतं.

१०. उजेड, कण, मासे

लाटांमुळे तळावर नाचणारी उजेडाची जाळी फक्त वर पाहणाऱ्या पृष्ठभागांवर टाका आणि खोली वाढेल तशी विरवा. कपारीच्या आत ती दिसली की भ्रम तुटतो. वर पाहिल्यावर सगळं आकाश सुमारे ९७ अंशांच्या एका गोल खिडकीत मावतं, तिच्याबाहेर पृष्ठभाग आरशासारखा तळाचं प्रतिबिंब दाखवतो. हा गोल कॅमेऱ्याबरोबर सरकतो. एवढी एक गोष्ट केली तरी वर पाहणं सार्थकी लागतं.

तरंगणारे कण सजावट म्हणून धरू नका. मोकळ्या पाण्यात आसपास काहीच नसतं, तेव्हा आपण पुढे जातोय हे खेळाडूला फक्त कणांवरून कळतं. कॅमेऱ्याभोवती १० मीटरचा चौकोनी डबा कल्पून त्यात मऊ, काही मिलिमीटरचे कण ठेवा. जो कण डब्याबाहेर जाईल तो समोरच्या बाजूने परत आत आणा. बुडबुडे वर जाताना मोठे होतात. १० मीटरवरून पृष्ठभागावर येईपर्यंत त्यांचं आकारमान दुप्पट होतं.

माशांसाठीही व्हर्टेक्स शेडरच. शरीराच्या लांबीवर सरकणारी साइन, डोक्याशी कमी, शेपटीशी जास्त. मासे डावी-उजवीकडे वाकतात, देवमासे आणि डॉल्फिन वर-खाली. थव्यासाठी क्रेग रेनॉल्ड्स यांनी १९८७ मध्ये मांडलेले तीन नियम आजही पुरतात: शेजाऱ्याला धडकू नका, तो ज्या दिशेने जातोय तिकडेच वळा, घोळक्याच्या मध्याकडे सरका. त्यात चौथा जोडा, खेळाडूपासून लांब पळा.

११. वेग

पाण्याखालच्या दृश्यांत सर्वांत महाग पडतात ती पारदर्शक कार्डांवरची पानं. एकावर एक दहा थर आले की प्रत्येक पिक्सेल दहा वेळा रंगवला जातो. पानाचा आकार मेशमध्येच कापा. त्रिकोण वाढतात, पण एकूण खर्च बहुधा कमी होतो, मोबाइलवर तर विशेषच. एकसारखे तुकडे इन्स्टन्सिंगने काढा: गोडोमध्ये मल्टीमेश, अनरिअलमध्ये फोलिएज टूल, युनिटीमध्ये जीपीयू इन्स्टन्सिंग. मटेरियल मोजकी ठेवा: खडक, वाळू, प्रवाळ, वनस्पती, धातू. बाकीचं पॅरामीटरने.

धुकं इथे तुमच्या बाजूने आहे. दृश्यता २५ मीटर असेल तर लहान प्रवाळ १५ मीटरवर आणि मोठा खडक ३५ मीटरवर लपवला तरी कुणाला कळत नाही. मात्र त्याच धुक्यात खेळाडू हरवतो. पायाखाली जमीन नाही, क्षितिज नाही. दर २० मीटरच्या आसपास एक तरी ओळखीचा उंच आकार दिसेल असे तुकडे मांडा: कमान, तिरका डोलकाठीचा खांब, एकटा सुळका.

१२. संच हाती देण्यापूर्वी

दुसऱ्या कुणी वापरायचा असेल तर नावं शिस्तीत हवीत: आधी कुटुंब, मग वस्तू, मग माप, मग क्रमांक. फाइलींची नावं रोमन अक्षरांत आणि मोकळ्या जागा न सोडता द्या. सोबत दोन लेव्हल ठेवा. एकात सगळे तुकडे रांगेत, शेजारी पाणबुड्याचं मॉडेल. दुसऱ्यात त्याच तुकड्यांचं रचलेलं, पाणी भरलेलं दृश्य, प्रवाहाच्या बाणासकट. मग हे दृश्य एखाद्या अशा माणसाच्या हातात द्या ज्याने ते आधी पाहिलेलं नाही, आणि काहीही न सांगता त्याला दहा मिनिटं पोहू द्या. तो कुठे अडकतो, कुठे मागे वळून पाहतो, कुठल्या कपारीत टॉर्च घेऊन शिरतो हे टिपून ठेवा. पुढचे तुकडे कुठले करायचे याची यादी तिथेच मिळेल.